मिनिटाला अठरा

आमच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली. माझ्या कपाटांत ठेवलेली सगळी माणसं मिनिटाला बरोबर अठरा श्वास घेतात, हे पहिल्या पाच वर्षांतच माझ्या लक्षात आलं. न्यूमोनियाचा म्हातारा असो, पाय मोडलेला गवंडी असो, नाहीतर पोटदुखीचं निमित्त करून सुट्टी काढायला आलेला मास्तर असो, तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात अठरा. सकाळी अठरा, दुपारी अठरा, संध्याकाळी अठरा. एक गृहस्थ दुपारी चारला वारले होते आणि सहाच्या रकान्यातही त्यांचे अठराच होते. मी ती फाइल दोनदा उघडून पाहिली आणि गपचूप जागेवर ठेवली, कारण कारकुनाने कागद मोजायचे असतात, वाचायचे नसतात, असं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

याचं कारण अगदी साधं. ताप यंत्र दाखवतं, रक्तदाब यंत्र दाखवतं, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनही यंत्रच दाखवतं. श्वास मोजायला मात्र माणसाच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. वॉर्डात खाटा बावीस आणि नर्सा दोन. नुसतं बघत उभं राहण्यात अर्धा तास घालवला तर सलाइनं कुणी बदलायची आणि नातेवाइकांच्या शिव्या कुणी खायच्या? पुस्तकात बारा ते वीस म्हणजे ठीक असं दिलंय. बारा लिहिलं तर एखादा डॉक्टर भुवई उंचावेल, वीस म्हणजे अगदी काठावर. अठरा कसं घरंदाज दिसतं. ते कुणी शिकवत नाही, एकीचं बघून दुसरी लिहायला लागते.

या अठरांच्या राज्यात एकच वॉर्ड असा होता की तिथल्या फायलींत सोळा, बावीस, चौदा, सव्वीस, एकवीस असे वेडेवाकडे आकडे असायचे. तो पुरुषांचा वॉर्ड, आणि तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे माझ्या सख्ख्या वहिनी.

वहिनी छातीवर उलटं घड्याळ लावायच्या. रुग्णाचं मनगट हातात धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून श्वास मोजायचे, अशी त्यांची रीत. "श्वास मोजतेय असं सांगितलं ना भावोजी, की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा श्वास घेतो," असं त्या म्हणत. नातेवाइकांनी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं, फक्त तसं दाखवलं तर त्या वहिनी कसल्या.

सकाळी ड्यूटीवर आल्या की रात्रपाळीच्या नर्सचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग हातात कागद न घेता एकट्याच वॉर्डभर फिरायच्या. कुणाच्या पायाला हात लावून तो गार आहे का बघ, कुणाच्या लघवीच्या पिशवीकडे बघ, कुणाला उगाच वार विचार. त्या एका फेरीत आज आधी कुणाकडे जायचं हे ठरलेलं असायचं. नव्या मुलींना त्या सांगत, "जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. त्याला पाच मिनिटं थांबवता येतं. काल भांडत होता आणि आज शहाण्यासारखा पडलाय, त्याच्याकडे आधी धावा." मुली माना डोलवत आणि ओरडणाऱ्याकडे धावत, कारण डोलवलेली मान वेगळी आणि पाय वेगळे.

घरीही हाच न्याय. फोन वाजतोय, दूध उतू जातंय, दारावरची घंटा वाजतेय, पुतणी रडतेय आणि माझा दादा "माझा चष्मा कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेतोय, अशा वेळी वहिनी आधी दूध बघणार, मग पुतणी, मग दार. चष्म्याचा नंबर लागेपर्यंत तो दादाला स्वतःलाच सापडलेला असे. "या बाईच्या लेखी मी कायम ठणठणीत," अशी त्याची तक्रार होती. ती खरी होती, आणि तो ठणठणीतही होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मोठ्या साहेबांना रंगांचा शोध लागला. मोठे साहेब म्हणजे आमचे अधीक्षक. ते कुठल्याशा परिषदेला गेले आणि तीन रंगांची कार्डं घेऊन आले. प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि खाटेच्या पायथ्याशी कार्ड लावायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे आधी इकडे. कल्पना वाईट नव्हती. वहिनी स्वतः म्हणाल्या, की मी जे डोक्यात करते तेच हे कागदावर करतायत, करू देत. फक्त इस्पितळात माणसंही असतात, हे परिषदेत कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याभरात लाल कार्ड हा मानाचा प्रश्न झाला. तीन नंबरच्या खाटेवर एक मामा होते. आठ भाचे पाळीपाळीने भेटायला यायचे म्हणून सगळा वॉर्डच त्यांना मामा म्हणायचा. त्यांचा आजार म्हणजे साखर थोडी वाढलेली आणि आवाज भरपूर. त्यांच्या खाटेला हिरवं कार्ड बघून थोरला भाचा वहिनींवर धावून आला. "मामांना हिरवं? पंचवीस वर्षं मॅनेजर होते ते! शेजारच्या हमालाला लाल आणि मामांना हिरवं?" वहिनी म्हणाल्या, "हमालाची तब्येत तुमच्या मामांना द्यायची का? मग देते लाल." भाचे साहेबांकडे गेले. साहेबांचा निरोप आला, की वैद्यकीय निकष सांभाळून शक्य असल्यास पिवळं द्यावं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मामांच्या खाटेला लाल. मामांनी स्वतःच हमालाचं कार्ड काढून आपल्याकडे लावलं होतं आणि उशीला टेकून मोठ्या समाधानाने पडले होते. वहिनींनी ते परत हमालाला लावलं आणि वर चिकटपट्टी मारली.

पुढचा टप्पा साहेबांच्या मासिक बैठकीचा. प्रत्येक वॉर्डात लाल किती याचा तक्ता पडद्यावर झळकू लागला. लाल जास्त म्हणजे कारभार वाईट, असा अर्थ कुणीही न सांगता सगळ्यांनी काढला. मग काय विचारता! सगळीकडे अठरांना ऊत आला. अठरा लिहिलं की श्वासाचे गुण शून्य, बेरीज कमी, कार्ड हिरवं. स्त्रियांच्या वॉर्डात तर सलग दोन महिने एकही बाई लाल झाली नाही आणि तिथल्या सिस्टरांचं बैठकीत कौतुक झालं. आमच्या वहिनींच्या वॉर्डात मात्र चार-पाच लाल ठरलेले. त्यांना पत्र आलं, ते मीच टाइप केलं होतं: आपल्या विभागात लाल कार्डांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत लक्षणीय असून याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. वहिनींनी खाली लिहून पाठवलं, "रुग्ण आजारी असल्यामुळे."

मी कपाळाला हात लावला. कारण त्याच वर्षी मेट्रनची जागा रिकामी झाली होती आणि ज्येष्ठतेने वहिनींचा नंबर होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांना ती खुर्ची हवी होती आणि कशासाठी हवी होती तेही मला ठाऊक होतं. मेट्रन झाल्यावर प्रत्येक वॉर्डात तिसरी नर्स मिळवायचीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "तीन असल्या ना भावोजी, तर मोजता येतं. दोघींत लिहिताच येतं फक्त," असं त्या एकदा जेवताना बोलून गेल्या होत्या.

आणि मग तपासणी समिती आली.

समिती म्हणजे बाहेरून आलेली चार माणसं, त्यांनी पसंत केलं तर इस्पितळाला दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार. आठ दिवस भिंती रंगवणं चाललं. मला फायलींचा गठ्ठा घेऊन समितीच्या मागे मागे फिरायचं काम मिळालं. त्या सकाळी पुरुषांच्या वॉर्डातली दुसरी नर्स साहेबांनी काढून घेतली, कारण तिचा गणवेश सगळ्यांत नवा होता आणि फाटकाशी गुच्छ देऊन स्वागत करायला कुणीतरी नीटनेटकं हवं होतं. वॉर्डात वहिनी एकट्या. नऊचे सगळे तक्ते साडेनवाच्या आत भरलेले हवेत, असा हुकूम. त्यात साखरेच्या निमित्ताने पुन्हा दाखल झालेल्या मामांनी घोषणा केली की समितीसमोर ते स्वतः निवेदन देणार आहेत, आणि ते लिहून काढायला त्यांना आत्ताच्या आत्ता कागद हवा.

पहिल्या तेरा खाटा वहिनींनी मोजल्या. चौदाव्या खाटेवर एक शिंपीकाका होते, पायाला मोठं गळू झालं म्हणून दोन दिवसांपूर्वी दाखल झालेले. बोलणं मोजकं, मागणं काही नाही. वहिनींनी घड्याळात पाहिलं, नऊ वाजून पंचवीस. "कसं वाटतंय काका?" "बरंय सिस्टर, तुम्ही आवरा तुमचं." यंत्राने दाखवलेली नाडी जरा जास्त होती, तापही थोडा होता, गळू असल्यावर असायचाच. श्वासाच्या रकान्यात वहिनींनी अठरा लिहिलं. पुढे बावीसपर्यंत सगळ्यांना अठराच लिहिलं. हे मला त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. म्हणाल्या, "पहिलं लिहिताना हात अडखळला. पुढची आठ भराभर झाली."

समिती आली ती साडेअकराला. प्रमुख म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या. बाजूला साहेब, मागे मी, माझ्या मागे गुच्छवाली नर्स, कारण समितीला चार गुच्छ दिल्यावर पाचवा उरला होता आणि तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "सिस्टर, कुणाकडे आधी जायचं हे तुम्ही कसं ठरवता?" साहेबांनी या प्रश्नाचं उत्तर आधीच छापून वाटलं होतं. वहिनींनी ते म्हणायला सुरुवात केली, "आमच्याकडे शास्त्रशुद्ध गुणांकन पद्धतीनुसार" आणि तिथेच थांबल्या.

त्या चौदा नंबरकडे बघत होत्या. मीही बघितलं. शिंपीकाका खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. पाहुणे आलेत म्हणून चेहऱ्यावर थोडं हसू. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. खाटेला हिरवं कार्ड होतं.

वहिनी समितीला तिथेच सोडून गेल्या. काकांचं मनगट धरलं, घड्याळ उचललं आणि मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट. साहेबांना वाटलं प्रात्यक्षिक चाललंय. ते बाईंच्या कानात पुटपुटले, "ही आमची नेहमीची पद्धत." समितीतल्या एकाने फोटोही काढला. मामा निवेदनाचा कागद घेऊन उठले होते, तेसुद्धा त्या शांततेत उभे राहिले.

"चौतीस," वहिनी म्हणाल्या. मग वळून नर्सला म्हणाल्या, "तो गुच्छ टाक आणि ऑक्सिजन आण." त्यानंतर जे झालं ते बघून समितीच्या तोंडाचा आ वासला. डॉक्टरला बोलावणं, दोन्ही हातांना सलाइन, तपासणीला रक्त, नवीन औषध, अतिदक्षता विभागात खाट, सगळं वहिनींनी एका दमात, कुणावर न ओरडता मागून घेतलं. पायातलं विष रक्तात उतरलं होतं आणि रक्तदाब ढासळायला लागला होता. स्ट्रेचर निघालं तेव्हा साहेबांनी ते हिरवं कार्ड हळूच काढलं आणि खिशात टाकलं. ते फक्त मी पाहिलं.

चार दिवस काकांचं काही खरं नव्हतं. वहिनी ड्यूटी संपली की अतिदक्षता विभागाच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. घरी जेवण नीट करत नव्हत्या. दादाने चष्मा शोधताना आवाज केला नाही, यावरून काय ते समजा. पाचव्या दिवशी काकांचा ताप उतरला, आणि त्याच दिवशी समितीचा अहवाल आला.

अहवालात आमचं इस्पितळ सोडून बाकी सगळ्या जगाला हेवा वाटावा असं लिहिलं होतं. रुग्णमूल्यांकनाची आदर्श पद्धत प्रत्यक्ष पाहायला मिळाली, समितीसमोर एका रुग्णाचे प्राण वाचले, संबंधित परिचारिकेचा जाहीर सत्कार व्हावा. साहेब इतके खूश की वहिनींच्या मेट्रनपदाची शिफारस त्यांनी त्याच दिवशी तयार करायला सांगितली. मग मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"त्या चौदा नंबरच्या फाइलमधलं नऊचं पान जरा खराब झालंय. शाई सांडली आहे."

"कुठे साहेब? मी आत्ताच पाहिलं."

"सांडेल," साहेब म्हणाले. "सिस्टरांकडून नवीन पान भरून घ्या. श्वास चोवीस-बिवीस. नऊला चोवीस, साडेअकराला चौतीस. कसा चढता आलेख दिसतो! नऊला अठरा दिसलं तर अडीच तास काय केलं असं कुणीतरी विचारेल. सत्कार सिस्टरांचाच आहे, त्यांच्याच भल्याचं सांगतोय."

आता खरं सांगतो. मी नाही म्हणालो नाही. मला वहिनी मेट्रन व्हायला हव्या होत्या. सव्वीस वर्षं खोटे अठरा सांभाळले, एका खऱ्या बाईसाठी एक खोटं चोवीस सांभाळायला माझी काहीच हरकत नव्हती. दुपारी वहिनींना रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं, साहेब काय म्हणाले ते सांगितलं, फाइल आणि कोरं पान समोर ठेवलं आणि "चहा घेऊन येतो, दहा मिनिटं लागतील," म्हणून बाहेर पडलो. चहाचं दुकान दोन मिनिटांवर आहे. उरलेली आठ मिनिटं मी जिन्यात उभा राहून काढली.

परत आलो तर कोरं पान कोरंच होतं. जुन्या पानावर अठराच्या खाली वहिनींच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: "नऊ वाजता श्वास मोजले नाहीत. अठरा हा आकडा मी न मोजता लिहिला. खाट चौदा ते बावीस, सर्व." खाली सही, तारीख, वेळ.

माझं डोकंच फिरलं. "चौदाचं लिहिलंत ते एकवेळ समजलं. बाकीच्या आठांचं कशाला? ते तर धडधाकट होते!"

"ते धडधाकट आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं भावोजी," त्या म्हणाल्या आणि चहा न घेता ड्यूटीवर गेल्या.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सत्कार झाला, तो साहेबांचा. शाल-बिल नव्हती, पण भाषण पाऊण तास चाललं. मेट्रनची खुर्ची स्त्रियांच्या वॉर्डातल्या, एकही लाल नसलेल्या सिस्टरांना मिळाली. वहिनींना ताकीद मिळाली, आकडे न मोजता लिहिल्याबद्दल. तेही पत्र मीच टाइप केलं. ज्या इमारतीत मेलेली माणसंसुद्धा अठरा श्वास घेतात तिथे या गुन्ह्यासाठी ताकीद मिळालेली ही पहिलीच बाई, आणि तीही स्वतःच कबूल झाली म्हणून. टाइप करताना मला एवढा राग आला की दोनदा पान बदलावं लागलं.

शिंपीकाका पुन्हा वॉर्डात आले त्या दिवशी मी त्यांच्या कागदांवर वहिनींची सही घ्यायला गेलो होतो. सकाळची वेळ. मामा नर्सला पंख्याच्या वेगावरून झापत होते. वहिनी काकांच्या खाटेशी उभ्या होत्या, आणि कुणाशीही बोलताना न चाचरणारी ही बाई चाचरत होती.

"काका, एक सांगायचंय. त्या दिवशी सकाळी मी तुमचे श्वास मोजले नव्हते. नुसताच आकडा लिहिला. मोजले असते तर दोन तास आधी कळलं असतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. आवाज अजून बारीक होता. "माप न घेता आकडा लिहिला की मला कळतं सिस्टर. चाळीस वर्षं टेप घेऊन बसलोय मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? त्रास होत नव्हता?"

"होत होता की. पहाटेपासूनच धाप लागत होती. तुम्ही आलात की सांगायचं, असं धरून बसलो होतो. पण तुम्ही एकट्याच इकडून तिकडे पळत होतात. म्हटलं, बाईंचं आधी उरकू दे."

वहिनी वाकून काकांची चादर सारखी करायला लागल्या. मी नजर फायलीत घातली. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही बघायची हिंमत झाली नाही. नाक पुसून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि आत्ता? आत्ता कसं आहे? खरं सांगा."

काकांनी मामांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, सही घ्यायला आलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग अगदी मनापासून, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं,

"तुम्हाला वेळ आहे का?"

वहिनींनी माझ्या हातातले कागद घेतले, न वाचता खाटेच्या खाली ठेवून दिले, स्टूल ओढलं आणि बसल्या.